वाहेद सरांनी तोडलेले रोजे

वाहेद सरांसमोर भाषण करायला आमच्या शाळेत कोणी धजत नसे. कारण सर ऐकत. भाषण चालू असताना बाकीचे शिक्षक पेपर तपासत, मोबाईल बघत, डुलक्या घेत. सर मात्र पहिल्या रांगेत ताठ बसून खिशातल्या चिटोऱ्यावर उभ्या रेघा ओढत. वक्त्याने आधाराशिवाय एखादं विधान केलं की एक रेघ. चार उभ्या झाल्या की पाचवी आडवी. कार्यक्रम संपल्यावर चहाच्या टेबलाशी त्याला गाठून ते अतिशय नम्रपणे म्हणत, "साहेब, भाषण सुंदर झालं. फक्त तेवीस जागी हवाला कुठला, तेवढं सांगा." हवाला म्हणजे आधार: कोणतं पुस्तक, कोणतं पान. एकदा शिक्षकदिनाचे पाहुणे चहा अर्धा टाकून गाडीत जाऊन बसले. सर कप हातात घेऊन गाडीपर्यंत गेले होते.

मी सेनगावात शाळेची लिपिक. याद्या करणं हे माझं काम आहे आणि दुर्दैवाने स्वभावही. सर इतिहास शिकवत. निवृत्त झाल्यावरसुद्धा ते रोज अकराच्या सुमारास कार्यालयात येत, माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीत बसत आणि मध्ययुगातल्या इस्लामी जगाबद्दलची आपली तक्रार माझ्याकडे नोंदवत. मी आवक-जावक लिहीत ऐकून घेई.

तक्रार एकच होती. त्या काळात धर्म लोकांपर्यंत दोन प्रकारची माणसं पोचवत. एक वायज, म्हणजे उपदेशक. तो लोकांना हलवायचा, रडवायचा. दुसरा फकीह, म्हणजे धर्माचा कायदा जाणणारा. काय चालतं, काय चालत नाही, हे तो पुस्तकं बघून सांगायचा. वायजासमोर हजारोंची गर्दी, फकीहासमोर चार विद्यार्थी. सरांचा सगळा जीव त्या चार विद्यार्थ्यांच्या बाजूने होता. चाळीस वर्षं त्यांनी यावर टिपणं काढली होती. वडिलांकडून आलेली अरबी-उर्दू पुस्तकं, आणि लिहायला जुन्या हजेरीपत्रकांची कोरी बाजू. तो ढीग मला बघवेना, म्हणून मी त्याच्या चार फायली करून दिल्या: वायजांच्या लबाड्या, फकीहांच्या तक्रारी, परवाने आणि किरकोळ.

पहिली फाईल सगळ्यात जाड. उपासांनी खंगल्यासारखा चेहरा पिवळा दिसावा म्हणून जिऱ्याची धुरी घेणारे वायज तिच्यात होते. डोळ्यांतून वेळेवर पाणी यावं म्हणून झोंबणारं काहीतरी जवळ बाळगणारे होते. बोलण्याच्या भरात पैगंबरांच्या तोंडी नवीन वचनं घालणारे तर पानोपानी. त्यांना आवरायला बाजारावर देखरेख करणारा अधिकारी असे. दुकानदाराचं माप तपासावं तसं तो वायजाचं ज्ञान तपासायचा आणि कमी भरलं तर त्याला खाली उतरवायचा. हा अधिकारी सरांना फार आवडे. ती जागा आपल्या काळात भरली जात नाही, याचं त्यांना मनापासून दुःख होतं.

"वायजाचं ऐकून माणूस जागा होतो, सुमनताई," ते म्हणत, "आन फकीहाचं ऐकून झोपतो. दोन्ही लागतं. एकाच माणसात दोन्ही असलं म्हणजे बराबर जमतं." असा माणूस कुठे असतो का, असं मी एकदा विचारलं. "फार थोडे," असं म्हणून सर टोपी सारखी करत विनयाने जमिनीकडे बघू लागले.

असा माणूस आपल्या भागात कोण नाही, याबद्दल मात्र त्यांची खात्री होती. कनेरगाव नाक्याच्या मशिदीत हाफिज मुजीब नावाचे तरुण इमाम होते. आवाज असा की रस्त्याने जाणारा ट्रक थांबावा. त्यांची प्रवचनं आमच्या गल्लीतल्या बायांच्या मोबाईलमध्ये होती. भाकरी थापताना लावून ठेवत. सर एकदा ते ऐकायला गेले आणि भर मजलिशीत उभे राहून तीन वेळा त्यांनी हवाला मागितला. तिसऱ्या वेळी हाफिजजींचे कान लाल झाले. सर त्या दिवशी जेवणही बरं जेवले, असं त्यांनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं.

आता राबियाखाला. माझी आणि त्यांची भिंत एक. माझी दोन्ही लेकरं अर्धी त्यांच्याच अंगणात वाढली. अक्षरओळख नाही, पण गल्लीतली कोणती गोष्ट कधी घडली हे माझ्या रजिस्टरपेक्षा त्यांच्याकडे पक्कं. दुपारी त्यांच्या ओट्यावर बाया जमत आणि जी हजर नसेल तिच्यावर चर्चा होई. सगळ्या म्हणूनच वेळेवर येत. खालांना पंधरा वर्षांपासून साखरेचा आजार. गोळ्यांची वेळ लिहून मीच त्यांच्या फडताळाला कागद चिकटवला होता. वाचता येत नाही म्हणून त्यावर सूर्य, ताट आणि चंद्र काढले होते.

रमजानात त्यांच्या अंगणात बायांसाठी दुपारचं प्रवचन असायचं. त्या वर्षी हाफिज मुजीब येणार होते, पण त्यांचा घसा बसला. आयत्या वेळी बायांनी सरांना गळ घातली. सरांनी तीनदा नाही म्हटलं, तेही अशा रीतीने की चौथ्यांदा विचारावंच लागावं. माईक शाळेचा आणि सही माझी, म्हणून मीही जाऊन बसले.

बाया पडवीत पडद्याआड, सर बाहेर खुर्चीवर. पहिली वीस मिनिटं सरांनी रोज्याचा कायदा सांगितला: कशाने तुटतो, कशाने तुटत नाही, कोणाचं मत काय. हवाले बरोबर होते. पडद्याआडून आधी एक जांभई आली, मग पाठोपाठ चार. मला सरांचा चेहरा दिसत होता. माझ्या वहीत त्या दिवसाची नोंद आहे: दोन वाजून वीस मिनिटांनी सरांनी कागद खिशात ठेवला.

पुढे जे बोलले ते वेगळेच कोणीतरी होते. विषय गीबतीचा, म्हणजे पाठीमागे केलेल्या निंदेचा. आवाज खाली आणून ते म्हणाले, "बायांनो, सकाळपासून पाण्याचा घोट नाही घेतला तुम्ही. पण दुपारभर ओट्यावर बसून जे खाल्लं ते काय होतं? आपल्याच मेलेल्या बहिणीचं मांस होतं. तुटला रोजा. तिथंच, त्या ओट्यावरच तुटला." बोलताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि जवळ झोंबणारं काही नव्हतं, हे मी खात्रीने सांगते. पडद्याआड हुंदके सुरू झाले. माझेही डोळे भरले, आणि मी तर सकाळी पोहे खाऊन आले होते.

आठवडाभर सर जमिनीपासून चार बोटं वर चालत होते. कार्यालयात येऊन ते सहज विचारत, त्या दिवशी आवाज मागेपर्यंत पोचला ना?

ईद झाली आणि खाला माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, एक वही पाहिजे, चुकलेल्या रोज्यांची. चुकलेला रोजा नंतर धरून भरून काढायचा असतो, हे शेजारामुळे मला माहीत होतं. किती, असं विचारलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "सगळे. बारा वर्षांची होते तवापासून. सुमन, खोटं काहून बोलू, असा एकबी रोजा न्हाई ज्यात मी कोणाबद्दल बोलले न्हाई."

इथे माझी चूक. शहाण्या बाईने तिथेच थांबवलं असतं. मी हिशेब केला. वय अडुसष्ट, वजा बारा, गुणिले तीस: एक हजार सहाशे ऐंशी. पुढचे रमजान सोडून रोज एक धरला तरी पाच वर्षं लागतील, हेही मी सांगितलं. सांगितल्यावर त्या माघार घेतील अशी माझी समजूत. खाला म्हणाल्या, पाच वर्षं तर जगेन की. मी पट्टीने रकाने आखून वही दिली. इतकी सुबक वही मी आयुष्यात दुसरी आखली नसेल.

उन्हाळा चढत होता. अकराव्या रोज्याला खाला नळावर चक्कर येऊन पडल्या. दवाखान्यात डॉक्टर माझ्यावरच चिडले. साखर इतकी खाली गेली होती की आणखी तासभर उशीर झाला असता तर आणून उपयोग नव्हता. तिसऱ्या दिवशी घरी आल्या. चौथ्या दिवशी पहाटे भिंतीपलीकडे भांड्यांचा आवाज आला. बारावा रोजा.

मी माझी नोंदींची वही उचलली आणि सरांकडे गेले. त्यांनी ऐकलं आणि आधी विश्वासच ठेवला नाही. असं मी म्हणालोच नसेन, म्हणाले. मी त्या दिवशी टिपलेलं त्यांचं वाक्य वाचून दाखवलं. सरांनी वही ओढून घेऊन ते स्वतः वाचलं. मग पडलेल्या आवाजात म्हणाले, "हवाला नाही याला. म्हणजे आहे, कच्चा आहे. बहुतेक सगळे फकीह सांगतात, गीबतीनं रोजा तुटत नाही. सवाब जातो, पुण्य जातं. रोजा राहतो. हे मला पंचवीस वर्षांपासून माहीत आहे, सुमनताई."

त्याच दुपारी ते तीन जाड पुस्तकं घेऊन माझ्याबरोबर खालांच्या अंगणात आले. पडद्याआडून खालांनी सलाम केला. सरांनी पुस्तकं उघडली, तुटणं आणि सवाब जाणं यातला फरक सांगितला, आजाऱ्याला सवलत आहे, रोज्याऐवजी गरिबाला जेवू घालता येतं, हेही सांगितलं. आपण त्या दिवशी चुकलो, असंही म्हणाले. ते म्हणताना त्यांनी टोपी दोनदा काढून घातली. खालांनी सगळं ऐकून घेतलं.

"सर, त्या दिवशी तुमच्या डोळ्यांत पानी होतं," त्या म्हणाल्या. "आज न्हाई."

"खाला, त्या दिवशी मी वायज म्हणून बोललो. आज फकीह म्हणून सांगून राहिलो."

"मंग आज तुमी दुसरे हाव का?"

उत्तर खालांनीच पुरवलं. सुमनने तुम्हाला पढवून आणलं, तिचा जीव आहे माझ्यावर, तिचं वाईट वाटून घेऊ नका. अल्लाहच्या कामात दया दाखवून कसं चालेल? आणि आत जाऊन त्यांनी आमच्यासाठी चहा केला; स्वतः उपाशी.

परत येताना माझ्या दारात उभं राहून सरांनी एक गोष्ट सांगितली. बाराशे-साडेबाराशे वर्षांपूर्वी कूफा शहरात एक फकीह होऊन गेले, सगळ्या मुलखात ज्यांच्या शब्दाला मान. त्यांच्या आईला एकदा धर्माचा काही प्रश्न पडला. मुलाने उत्तर दिलं. आई म्हणाली, तुझं नको, मला गल्लीतल्या वायजाकडून ऐकायचं आहे. मुलगा आईला घेऊन त्या वायजाकडे गेला. वायज घाबरला, म्हणाला, तुमच्यासमोर मी काय सांगू? तेव्हा फकीहाने उत्तर त्याला हळूच सांगितलं, त्याने ते मोठ्याने म्हटलं, आणि आई समाधानाने घरी आली. हे टिपण कोणत्या फाईलमध्ये आहे, मी विचारलं. "किरकोळ," सर म्हणाले. "मी ते विनोद म्हणून ठेवलं होतं."

"म्हणजे कनेरगाव नाक्याची जीप किती वाजता?" मी विचारलं.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी त्यांच्याबरोबर गेले. जीपमध्ये सर तिन्ही पुस्तकं मांडीवर घेऊन बसले होते, निकालाच्या दिवशी बापाबरोबर निघालेल्या पोरासारखे. हाफिजजी मशिदीच्या ओसरीत लहान मुलांना शिकवत होते. त्यांनी आम्हाला पाहिलं, बसायला सांगितलं आणि धडा पुरा होईपर्यंत आमच्याकडे वळूनही पाहिलं नाही. पाऊण तास. त्यांचा तो हक्क होता, असं मला वाटलं. सरांनाही वाटलं असावं. त्यांनी घड्याळ एकदाही बघितलं नाही.

सरांनी सगळं सांगितलं. आपण काय म्हणालो, खालांचं काय होऊन बसलं, आपलं बोलणं आता त्यांना का पटत नाही. शेवटी म्हणाले, "तुमचं त्या ऐकतील. तुम्ही सांगा."

हाफिजजींनी दाढीवरून हात फिरवला. "सांगतो की सर. पन हवाला?"

सरांनी पुस्तक उघडून पान समोर धरलं. हाफिजजी म्हणाले, दुसरा. सरांनी दुसरं उघडलं. तिसऱ्याच्या वेळी सरांचे कान लाल झालेले मी पाहिले. हाफिजजींनी तिन्ही पानं सावकाश वाचली आणि मग एकदम हसले, मनमोकळं, लहान पोरासारखं. मुलाला हाक मारून चहा मागवला. "मसला तुमचा, आवाज माझा," ते म्हणाले. मसला म्हणजे कायद्याचा निवाडा. "रडायचं कुठं, ते मात्र मी माझ्या हिशेबानं बघीन. त्यात तुमी बोलायचं न्हाई."

तिसऱ्या दिवशी दुपारी त्याच अंगणात, त्याच माईकवर, हाफिज मुजीब बोलले. सर त्यांच्या मागे भिंतीला टेकून खाली बसले होते. मी पडद्याजवळ, खालांच्या शेजारी. खालांचा चौदावा रोजा. ओठ सुकून पांढरे झाले होते आणि मी माझ्या पिशवीत साखर, पाणी आणि दवाखान्याचा नंबर घेऊन बसले होते.

हाफिजजींनी कायद्याचं ते कोरडं वाक्य घेतलं आणि त्याला असं काही वाढवलं की मी थक्क झाले. देणाऱ्याने तुमचा रोजा ठेवून घेतला, तुम्ही तो तुटला म्हणता. तो माफ करून राहिला आणि तुम्ही त्याची माफी परत पाठवून राहिल्या. गीबत सोडा, रोजा मोडू नका. जीव त्याने दिलेला आहे, तो उपाशी मारायला दिलेला नाही. इथे ते रडले. सरांची बोटं खिशाकडे गेलेली मी पाहिली, चिटोऱ्यासाठी. मग त्यांनी हात परत मांडीवर आणून ठेवला.

पडद्याआड सगळ्या बाया रडत होत्या. खालांनी पदराने डोळे पुसले आणि माझ्या कानात म्हणाल्या, लिही. प्रवचनानंतर बाया आपले प्रश्न चिठ्ठीवर लिहून पुढे पाठवतात. मी लिहिलं: आज धरलेला रोजा संध्याकाळपर्यंत ठेवू का आत्ता सोडू? पडद्याखालून चिठ्ठी सरकवली.

हाफिजजींनी ती वाचली आणि त्यांचा चेहरा कोरा झाला. हे त्या तीन पानांत नव्हतं. त्यांनी माईकवर हात ठेवला, मागे वाकले, आणि चिठ्ठी सरांना दाखवली. सरांनी त्यांच्या कानाशी तोंड नेलं. मी जवळ होते म्हणून मला ऐकू आलं. सर म्हणाले, "आजारी आहे. सोडावा. आत्ता." आणि त्यांचा आवाज थरथरत होता.

हाफिजजी सरळ झाले. माईकवरचा हात काढला. "आजारी माणसानं सोडावा," त्यांनी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं. "आत्ता, या घडीला."

मी पाण्याचा तांब्या पुढे केला. खालांनी बिस्मिल्ला म्हणून तीन घोट घेतले, मग साखर, मग अर्धी भाकरी. खाता खाता म्हणाल्या, "बघितलं? विचारलं की फटकन सांगतो. पोरगं लहान आहे पन इल्म आहे त्याला, ग्यान आहे. तुमचे सर बिचारे पुस्तकं घेऊन येतात."

हे त्या काही हळू बोलल्या नव्हत्या. पडद्यापलीकडे सरांनी ते ऐकलं. मी डोकावून पाहिलं तर ते भिंतीला डोकं टेकून, डोळे मिटून बसले होते आणि चेहऱ्यावर इतकं सुख होतं की त्यांना हाक मारायचं माझ्या जिवावर आलं. तीन घोटांनी जितकं खालांचं काम झालं, तितकंच त्यांचं.

पुढे सर दर गुरुवारी जीपने कनेरगाव नाक्याला जाऊ लागले. हाफिजजींचं शुक्रवारचं प्रवचन ते आदल्या दिवशी ऐकत. कशावर तरी वाद होई, कोणीतरी चहा टाकून उठे, पुढच्या गुरुवारी परत सुरू. त्या काळात आमच्या शाळेतले वक्ते जरा निर्धास्त झाले होते.

पुढच्या रमजानच्या चौथ्या रोज्याला सर गेले. सकाळी अंगणात पुस्तकं ऊन द्यायला मांडली होती, त्यांच्याजवळच बसल्या जागी. दफन झालं. नमाज हाफिज मुजीब यांनी पढवली, आणि ती पढवताना त्यांचा तो आवाज दोनदा बसला.

दुपारी गल्लीतल्या बाया सरांच्या घरी जमल्या. मीही होते. एकीला तिच्या नवऱ्याने एका लग्नात केलेल्या भाषणावर सरांनी ओढलेल्या रेघा आठवल्या आणि ती सांगता सांगता मध्येच थांबली. रोज्याची आहे, म्हणाली. गीबत व्हायची. दुसरीनेही तोंडावर पदर घेतला.

राबियाखाला त्या वर्षी रोजे धरत नव्हत्या. डॉक्टरांचं ऐकून त्याऐवजी गरिबाला जेवण देत होत्या. त्या कोपऱ्यातून म्हणाल्या, "बोल गं. रोजा तुटत न्हाई, सवाब तेवढा जातो." आणि मग, सगळ्यांनी ऐकावं म्हणून थोडं पुढे सरकून, "मला सरांनी सांगितलंय. पुस्तक उघडून, पान दाखवून."

मग बाया बोलल्या. अजान होईपर्यंत बोलत होत्या.